देठ खाली, डोळा वर

आता मला उकिडवं बसता येत नाही. नात म्हणते, "आजोबा, कशाला बसायचंय उकिडवं? खुर्ची आहे ना." तिला काय सांगू कपाळ! ज्या माणसाची सगळी नोकरी उकिडवं बसून झाली आणि सगळी मजा धावण्यात झाली, त्याला खुर्ची म्हणजे शिक्षाच. माझे गुडघे नोकरीनं गेले की खेळानं, यावर आमच्या घरात अजून वाद होतात. बायको होती तोवर खेळाला शिव्या द्यायची, आता सून नोकरीला देते. डॉक्टर म्हणतात वयानं गेले. डॉक्टरचं काय जातं म्हणायला.

आमची वाडी अमरावतीच्या बाहेर, बडनेऱ्याच्या अंगाला होती. वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, बांधाच्या कडेनं झेंडू आणि शेवंती. उजाडायच्या सुमाराला विहिरीवर मोटेचं चाक करकरायला लागायचं आणि बाबा बैलांशी बोलायचे. माणसांशी ते दिवसभरात बोलत नसतील तेवढं बैलांशी बोलायचे. चुलीपाशी माय भाकरी थापता थापता आम्हाला हाका मारायची, आणि तिच्या हाका आणि भाकरीचे थापटे एका तालात चालायचे. थंडीच्या दिवसांत तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजली जायची. त्या भरताचा वास कांद्याच्या पातीसकट अजून माझ्या नाकात आहे. मग माय टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला निघायची आणि जाताना रोज तेच बजावायची, "वाफ्यातून धावू नोका रे पोट्टेहो, मेथी तुडवली त बाबा तुमाले तुडवतीन."

पण वाफ्यांतून धावायचं नाही तर धावायचं कुठं? वाफ्यांच्या मधल्या वरंब्यावर जेमतेम एक पाऊल मावायचं. त्या वरंब्यांवरून आम्ही भावंडं आणि शेजारच्या वाडीतली पोरं एकमेकांना शिवत पळायचो. समोरचा आडवा आला की खांदा एकीकडे टाकायचा आणि पाय दुसरीकडे, तेही मेथीचं एक पान न मोडता. माझं सगळं खेळशिक्षण तिथं झालं. पुढे अकोल्याला लोक विचारायचे, "तू हूल देणं शिकला कोनापाशी बे?" मी सांगायचो, "मेथीपाशी." त्यांना ती थट्टा वाटायची.

आट्यापाट्या ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मैदानावर एकापुढे एक अशा आडव्या पाट्या आखतात आणि दर पाटीवर समोरच्या संघाचा एक गडी उभा राहतो. आपण त्यांना हुलकावण्या देत एकेक पाटी ओलांडायची, पार टोकाला जायचं आणि तसंच परत यायचं. परत आला की छाती फाटेस्तोवर ओरडायचं, "लोण!" मध्ये कुणी शिवलं की बाद. आडव्या पाटीवरच्या गड्याला आपली पाटी सोडता येत नाही. पण मधोमध एक उभी पाटी असते, तिला सूर म्हणतात. सुरावरचा गडी वरून खालून कुठूनही येतो आणि आपल्याला कळायच्या आत पाठीवर हात ठेवतो. सूर धरणारा गडी म्हणजे संघाचा बाप असतो.

आमचे बाबा एकेकाळी सूर धरायचे. हे त्यांनी कधीच सांगितलं नाही, मायनं सांगितलं. लग्न ठरण्याआधी तिच्या भावांनी त्यांना मैदानावर पाहिलं होतं आणि घरी येऊन म्हणाले होते, पोरगा वाऱ्यासारखा आहे. लग्न झालं, आजोबा गेले, वाडी अंगावर पडली, आणि बाबांनी खेळ सोडला. सोडला म्हणजे असा सोडला की मैदान दिसू नये म्हणून बाजाराचा रस्ता बदलला. मी एकदा धीर करून विचारलं तर बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "एका अंगानं दोन कामं होत नाईत, तुळशा. कोन्तं तरी एक रडते." एवढंच बोलले आणि मोटेकडे वळले.

बाबांच्या मनात एकच होतं. भाजी सोडून वाडीत संत्रा लावायचा. संत्र्याचं झाड एकदा धरलं की माणसाला सावलीत बसायला मिळतं, असं ते म्हणायचे. पण कलमं बांधायचं कसब आमच्या घरात कुणाला नव्हतं, म्हणून अकोल्याच्या सरकारी बागेत शिकाऊ माणसं घेतात असं कळलं तेव्हा त्यांनी माझं बोचकं बांधलं. निघताना मायनं फडक्यात तिळाची चटणी आणि भाकरी दिल्या. बाबा स्टेशनवर आले, गाडी हलली तेव्हा म्हणाले, "वर्षभरात कायम झाला त ठीक. नाई झाला त मुकाट वाडीत ये अन् मोट धर. अन् तिथं जाऊन खेळत बसू नोको." मी मान हलवली. मूर्तिजापूर यायच्या आत मी भाकरी संपवल्या होत्या, आणि अकोल्यात मैदान कुठं आहे हे डब्यातल्या एका माणसाला विचारूनही झालं होतं.

बागेचे मुख्य गणोरकर साहेब. धोतर, काळा कोट आणि खिशात कायम घडी चाकू. बाग सरकारी, सरकार बसायचं नागपुरात, पण बागेत राज्य गणोरकर साहेबांचं. त्यांनी मला डोळा भरायला शिकवलं. जंबेरी हे लिंबाच्या जातीचं रांगडं झाड, त्याचं रोप म्हणजे खुंट. त्या खुंटाची साल जमिनीपासून वीतभर उंचीवर चिरायची. मग चांगल्या संत्र्याच्या फांदीवरून एक डोळा, म्हणजे कोवळा अंकुर, सालीच्या पातळ चकतीसकट काढायचा. पानाचा देठ चकतीवर तसाच ठेवायचा, तो धरायच्या कामाचा. चकती सालीच्या आत सारायची आणि केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या सालपटानं, बांधायची. लिहायला सोपं आहे. करताना चाकू केसभर आत गेला तर डोळा मेला, बाहेर राहिला तर सुकला. पहिला माझा डोळा फुटला आणि त्याची हिरवी टोचणी बाहेर आली तेव्हा मी बागेतल्या प्रत्येक माणसाला हाताला धरून ती दाखवायला नेली होती. खरं सांगतो, त्या कामावर माझा जीव जडला. पुढे आयुष्यात बरंच काही मिळालं, पण एका झाडाच्या अंगात दुसरं झाड जागं करण्यातली गंमत मला दुसऱ्या कशात सापडली नाही.

आणि संध्याकाळी खेळ. गिरण्यांचा भोंगा झाला की कापसाच्या गाड्यांच्या धुरळ्यातून मैदानावर पोरं जमायची. संघाचा म्होरक्या वामन, जिनिंगमध्ये कामाला, केसांत कायम रुईचे धागे. दुसरा रहमान टांगेवाला, अंगानं पहिलवान आणि पाय मांजराचे. त्यांनी मला पहिल्याच दिवशी संघात घेतलं आणि अमरावतीवाला म्हणून रोज चिडवलं. "तुमच्या अमरावतीत काय हाय बे?" वामन विचारायचा. "देवी आहे," मी म्हणायचो. "मंग तिलेच खेळाले आनतो का?" असलं आमचं चालायचं.

भानगड अशी होती की डोळा भरायचा आणि आट्यापाट्यांचा हंगाम एकच. थंडीत खुंटाची साल सुटते आणि थंडीतच मैदानं भरतात. दिवसभर उकिडवं बसलं की संध्याकाळी गुडघे उघडायचे नाहीत, पहिल्या पाटीवरच मी मोडक्या खाटेसारखा करकरायचो. ते एक वेळ चालून जायचं. पण संक्रांत जवळ आली तसा वामननं सकाळचाही सराव सुरू केला, आणि खेळून बागेत आलं की माझे हात थरथरायचे. चाकू धरला की पातं हलताना दिसायचं. साहेबांनी एकदा मागून पाहिलं, चाकू काढून घेतला आणि म्हणाले, "हे हात आज घरी न्या." त्या दिवशी त्यांनी मला नुसती सोपटं भिजवायला बसवलं. कायम करायचं की नाही हे त्यांच्याच हातात होतं, आणि त्यासाठी एक अख्खी रांग त्यांनी माझ्या नावावर लावली होती. ती रांग मी एकट्यानं भरायची आणि किती डोळे जगले ते पाहून ते ठरवणार होते, हे मी बाबांनाही कळवलं होतं.

संक्रांतीचा सामना अमरावतीला होता, माझ्याच जुन्या मैदानावर, माझ्याच गावाविरुद्ध. आणि जायच्या आदल्या दिवसापर्यंत माझी रांग अर्धीसुद्धा झालेली नव्हती. साहेब दौऱ्यावर जाताना सांगून गेले होते, परत येईन तेव्हा रांग भरलेली पाहिजे. मी वामनला सांगून टाकलं, "मी येत नाही. माझी नोकरी जाते." दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर अख्खा संघ बागेच्या कुंपणावरून उड्या मारून आत. "रहमान, तू इथं काय करून राहिला? टांगा कुठं हाय?" मी विचारलं. "घोडा आराम करून राहिला," रहमान म्हणाला. "सांग, काय करायचं? तूच एकटा भरशीन का सारे डोये? आमाले का हात नाईत?"

आता नको म्हणायला पाहिजे होतं, हे आज सगळ्यांनाच कळतं. पण तेव्हा रांग समोर होती, गाडीची वेळ जवळ येत होती आणि मित्र बाह्या सारून बसलेले होते. चाकूचं काम मी कुणाला दिलं नाही. मी पुढे पुढे सरकत साल चिरत गेलो, डोळे काढून ओल्या फडक्यात ठेवत गेलो, आणि मागून ते चकती सारून बांधत आले. मी ओरडून सांगत होतो, "देठ धरा, डोळ्याला बोट लावू नका, वरून खाली सारा!" शिस्तीत चाललं होतं सगळं. वामन तर सोपट असं सफाईनं गुंडाळत होता की मला हेवा वाटला. दुपारच्या आत रांग भरली आणि आम्ही धावत स्टेशन गाठलं.

सामना आम्ही हरलो, हे आधीच सांगून टाकतो. अमरावतीच्या सुरावर एक उंच पोरगा होता, त्यानं आम्हाला उभं राहू दिलं नाही. माझं एक लोण झालं, बाकी सगळी धूळ. माय मैदानाच्या कडेला तिळाच्या पोळ्यांचं गाठोडं घेऊन बसली होती. मी बाद झालो तेव्हा तिनं हाय हाय केलं आणि अमरावतीचा गडी बाद झाला तेव्हाही हाय हाय केलं. शेजारणीनं विचारलं, "काय वं, तू कोनाकून हाय?" ती म्हणाली, "मी साऱ्याइकून हाय. सारेच पोट्टे पडून राह्यले न बाई." पोळ्या तिनं दोन्ही संघांना वाटल्या. बाबा आले नाहीत. मैदानापासून आमची वाडी हाकेच्या अंतरावर होती, आणि खेळ चालू असताना मला मोटेचं चाक ऐकू येत होतं. संध्याकाळी घरी गेलो तर त्यांनी माझे धुळीनं भरलेले पाय पाहिले आणि फक्त विचारलं, "रांग भरली का?" मी म्हटलं, भरली. "मंग ठीक," म्हणाले आणि तोंड फिरवून तंबाखू मळत बसले. मला फार वाईट वाटलं. मी हरलो याचं त्यांना काही वाटू नये, याचं वाटलं.

डोळा जगला की देठ आपसूक गळून पडतो, बोट लावलं की टपकन खाली. साहेब परतल्यावर काही दिवसांनी रांगेतून बोट लावत गेले. टप, टप, टप. बहुतेक सगळे जगले होते! साहेबांच्या मिशीत हसू दिसलं, जे बागेत कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी खुंटांचे शेंडे वाकवून ठेवायला सांगितलं, म्हणजे जोर डोळ्यात येतो. मी मैदानावर जाऊन सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले. वामन म्हणाला, "पाह्य, आता बागेत आमाले बी लावून घे."

मग डोळे फुटले. पहिल्या दिवशी मला वाटलं, दवानं वाकले असतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, वाऱ्यानं. तिसऱ्या दिवशी वाटायला काही उरलं नाही. मी आधी एकट्यानं भरलेले सोडून रांगेतले बाकी सगळे अंकुर खाली, जमिनीकडे तोंड करून वाढत होते. देठ हा डोळ्याच्या खाली असतो. देठ खाली, डोळा वर. पण वरून खाली सारताना देठ वर धरला तर हाताला सोयीचं पडतं, आणि माझ्या गुणी मित्रांनी सोयीचं तेच केलं होतं. त्यांनी भरलेला एकूण एक डोळा उलटा! आणि इतका छान बांधलेला की सगळे जगले. वाईट बांधले असते तर मेले तरी असते.

साहेब आले, वाकले, एक पाहिला, दहा पाहिले. मग सरळ उभे राहून म्हणाले, "हे तुमचे हात नाहीत. कुणाचे आहेत?" सांगितलं तर नोकरी जाणार आणि नाही सांगितलं तरी जाणार, मग मित्रांचं नाव कशाला घ्यायचं? पण रहमानला बातमी कुठून लागली कोण जाणे, तासाभरात टांगा बागेच्या दारात. आत आला आणि हात जोडून म्हणाला, "सायब, डोये आमी भरले. याचा काई कसूर नाई. यानं बराबर सांगतलं होतं, आमचीच खोपडी उलटी." मागे वामन, त्याच्यामागे बाकीचे, सगळे मान खाली घालून. साहेबांनी त्या माना एकेक करून पाहिल्या. "आट्यापाट्यावाले?" त्यांनी विचारलं. कुणी हो म्हटलं. "रविवारी सकाळी सगळे इथं पाहिजेत. हात धुऊन."

त्या रविवारी साहेबांनी अख्ख्या संघाला खुंटांपुढे उकिडवं बसवलं. उलटे अंकुर काढून टाकले आणि खुंटाच्या दुसऱ्या अंगाला नवीन डोळे भरायला लावले. चाकू फक्त माझा. ते प्रत्येकाच्या मागे उभे राहून विचारायचे, "देठ कुठं?" आणि ते शाळेतल्या पोरांसारखे ओरडायचे, "खाली!" "डोळा कुठं?" "वर!" रहमानचे गुडघे धरले तेव्हा तो मला म्हणाला, "या अल्ला, तू रोज असा बसतो अन् संध्याकाळी धावतोबी? तुले त मेडल पायजे." रांग संपली तेव्हा साहेबांनी सगळ्यांना बागेतली संत्री दिली. एकच उलटं कलम त्यांनी रांगेच्या टोकाला तसंच ठेवलं. म्हणाले, पुढल्या शिकाऊ पोरांना दाखवायला होईल.

मला त्यांनी थांबवून घेतलं. मी मनातल्या मनात बोचकं बांधत होतो. ते म्हणाले, "तुमच्या चिरा पाहिल्या मी. उलट्या डोळ्यालाही जगवलं त्या चिरांनी. तुम्ही कायम." मी म्हटलं, "साहेब, खेळ सोडतो मी." ते एकदम चिडले. "सोडा म्हणून कोण म्हणालं? डोळे सकाळी भरायचे. खेळायचं संध्याकाळी. खेळून आलेल्या हातात माझा चाकू द्यायचा नाही, एवढं पाळा." बस्स. हे एवढंच शहाणपण. एवढ्यावर माझी सगळी नोकरी झाली आणि केस पिकेपर्यंत खेळ झाला. पुढे मोठमोठ्या लोकांची यावरची भाषणं ऐकली, त्यात यापेक्षा जास्त काही निघालं नाही.

कायम झाल्याचं कळवलं तसे बाबा पावसाळा लागायच्या आत अकोल्याला आले. मायनं त्यांच्याबरोबर मुगवड्या पाठवल्या होत्या. मी त्यांना रांग दाखवली. ते प्रत्येक रोपापाशी थांबत गेले आणि टोकाच्या त्या उलट्या कलमापाशी आले. तोवर ते गुडघाभर झालं होतं. अंकुर आधी खाली गेला होता, मग वळसा घेऊन वर चढला होता. "हे असं काहून?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, संक्रांत, गाडी, रहमान, देठ, सगळं. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. बाबा झाडाकडे पाहत राहिले. मग त्यांनी हळूच गुडघे वाकवले, हात अंगापासून लांब केले आणि झाडासारखे उभे राहिले. "पाह्य," म्हणाले, "सूर धरून उभं हाय हे." त्यांच्या तोंडून सूर हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

त्या संध्याकाळी ते माझ्याबरोबर मैदानावर आले. कडेला बसतील असं मला वाटलं होतं. वामननं विचारलं, "काका, खेळता का?" बाबांनी पागोटं काढून माझ्या हातात दिलं, मग आठवलं की मलाही खेळायचंय, म्हणून परत घेऊन कुंपणावर ठेवलं. धोतराचा काचा मारला आणि सरळ चालत जाऊन सुरावर उभे राहिले. पहिल्या डावात ते कुणालाच शिवू शकले नाहीत. पोरं चेव येऊन खेळत होती आणि बाबा धापा टाकत होते. मला लाज वाटायला लागली, त्यांची नव्हे, आमची. मग माझी पाळी आली. मी दोन पाट्या ओलांडल्या, तिसरीवर डावा खांदा टाकला आणि उजवीकडे निघालो, वरंब्यावरची तीच हूल, लहानपणची. ती हूल त्यांनी वाडीत मोट हाकताना रोज पाहिली असणार. ते आधीच तिथं होते. त्यांचा हात माझ्या पाठीवर पडला.

शिवलं की सोडायचं असतं, असा खेळाचा नियम आहे. बाबांनी सोडलं नाही. दुसरा हातही आला आणि त्यांनी मला मागून घट्ट धरलं, त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. रहमान लांबून ओरडला, "काका, सोडा न आता, बाद झाला तो!"

"राहू दे बे जरासा," बाबा म्हणाले. मीही हललो नाही.